पितळेचा चपलाहार

परेश नागवेकरच्या घराण्यात सोन्याशिवाय दुसऱ्या धातूचं काम कुणी केलं नव्हतं. वडील राजापूरकडून मुंबईला आले ते काळबादेवीच्या एका पेढीवर दागिने घडवायला. दहावीनंतर परेशही त्यांच्या शेजारी पाट मांडून बसला. तार ओढणं, पत्रा ठोकून पातळ करणं, सांधा दिसणार नाही असा झाळणं, सगळं तो वडिलांच्या हाताकडे बघून शिकला. वडील फार बोलायचे नाहीत. काम चुकलं की तुकडा उचलून पुन्हा मुशीत टाकायचे, एवढंच.

पुढे दागिने यंत्रावर निघायला लागले आणि पेढीने हातकामाची माणसं हळूहळू कमी केली. तोवर वडील गेले होते, परेशचं लग्न झालं होतं आणि विरार पूर्वेला मनवेलपाड्यात त्याने घर घेतलं होतं. शेवटी नालासोपाऱ्याच्या एका गाळ्यात त्याने काम धरलं. तिथे पितळ आणि तांबं असायचं, वर सोन्याचा पातळ मुलामा. दुकानात गेल्यावर लोक त्यालाच एक ग्रॅम सोनं म्हणतात. नव्या नमुन्याचा पहिला दागिना परेश हाताने घडवायचा, मग त्यावरून साचे बनायचे आणि तसेच शेकडो बाहेर पडायचे.

पितळ त्याला कधी आवडलं नाही. दोन घाव घातले की ताठरतं, पुन्हा तापवून नरम करावं लागतं, आणि दिवसभर काम केलं की हातांना जो वास लागतो तो साबणाने जात नाही. गावी गणपतीला गेला की तो अजून पेढीवरच आहे असं सांगायचा. बायको विनिता शेजारी बसून ऐकायची आणि गप्प राहायची.

त्याच्याच मजल्यावर सरोजिनीकाकू आणि रमेशकाका राहायचे. काका गोदीतल्या कचेरीत कारकून होते, बायपास झाल्यावर लवकर निवृत्त झाले. त्यांची एकुलती मुलगी ऋतिका अंधेरीला नोकरी करायची. तिचं लग्न उमेळ्याच्या सिद्धेश भोईरशी ठरलं, दोघांच्या पसंतीने. भोईरांची पूर्वी केळीची बाग आणि खाडीलगत भातशेती होती. बागेच्या जागी आता इमारती उभ्या होत्या, पण घर अजून एकत्र होतं. सिद्धेशचे आईवडील जिजा आणि रामनाथ, थोरला भाऊ विकी आणि त्याची बायको जागृती.

साखरपुडा झाल्यावर सरोजिनीकाकू एका दुपारी परेशकडे आल्या. हातात त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो होता. गळ्यातल्या चपट्या चकत्यांच्या चपलाहारावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा असा घडवून देशील?"

"काकू, हा तर तुमच्याकडे आहे ना? ऋतिकासाठी ठेवलाय म्हणून तुम्हीच सांगत होतात."

"होता. काकांच्या ऑपरेशनला गेला. ती तेव्हा बारावीला होती. तिला नाही सांगितलं."

"मग आता सांगा. ऋतिका काय परकी आहे?"

"काय सांगू? लहानपणापासून म्हणत आले, हा तुझा, हा तुझा. आता लग्नाच्या तोंडावर म्हणू, तुझ्या बाबांपायी विकला? तो माणूस आधीच सगळ्याला स्वतःला बोल लावून घेतो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि उमेळ्याच्या बायका बघितल्यास ना साखरपुड्याला? अंगावर सोनं मावत नव्हतं."

"त्यांनी काही मागितलंय का?"

"काहीच नाही. मागितलं असतं तर भांडले असते रे. न मागणाऱ्यांपुढे रिकाम्या गळ्याने मुलगी कशी उभी करू?"

परेशने बाजारात मिळतात तसले तयार हार सुचवले. काकूंना ते नको होते. ओळखू येता कामा नये, एवढं एकच त्यांचं म्हणणं होतं. सोन्याचा भाव तर गेल्या काही वर्षांत असा चढला होता की त्या हाराचा विचारही त्यांच्या आवाक्यात राहिला नव्हता. चांदीवर मुलामा देऊ का, असं परेशने विचारलं. निदान आतला धातू तरी मानाचा राहील, असं त्याला वाटत होतं. पण चांदीही चढली होती. शेवटी पितळ ठरलं.

त्या वेळी त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण एकाच माणसासाठी, एकच दागिना, तोही जुन्या घडणीचा, असं काम त्याच्यापुढे किती तरी वर्षांनी आलं होतं. कुणाच्या तरी गळ्यात आपल्या हातचा हार जाणार, त्याचा साचा निघणार नाही, या विचाराने त्याला भुरळ घातली. त्याने हो म्हटलं.

त्याने पोलादाचा ठसा स्वतः कोरला आणि त्यात एकेक चकती ठोकून काढली. पितळ सोन्यापेक्षा हलकं, म्हणून पत्रा जाड घेतला. जुन्या सोन्यावर किंचित लालसर छटा असते, ती येईपर्यंत मुलामा पुन्हा पुन्हा दिला. विनिताने तयार हार हातात घेतला आणि परत पेटीत ठेवला. "भीती वाटते याची," ती म्हणाली. परेशला ते कौतुक वाटलं.

लग्नात जिजाने नव्या सुनेच्या गळ्यातला हार बोटांनी चाचपून पाहिला. परेश जवळच उभा होता. "जुना काम हाय," ती रामनाथना म्हणाली. "आता असा कोन बनवतो?" परेशचा ऊर भरून आला. जेवायला मात्र तो भोईरांच्या पंगतीपासून लांब जाऊन बसला, आणि असं का केलं हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

वर्ष सरलं. ऋतिका सासरी रुळली होती. सणावारी दोघं यायची, जिजा फणस आणि भाजीची केळी पाठवायची. मग एका संध्याकाळी परेश कामावरून येत असताना रमेशकाका जिन्यात उभे दिसले. ते त्याचीच वाट बघत होते.

"परेश, उमेळ्याला वाईट झालंय," ते म्हणाले. "तो हार पितळेचा आहे हे त्यांना कळलं."

झालं होतं ते असं. जिजाच्या मनात आलं, धाकट्या सुनेकडे असा सुंदर हार आहे, थोरलीला का नसावा? जागृतीसाठी तसाच करून घ्यावा म्हणून ती ऋतिकाचा हार नमुन्याला घेऊन वसई गावातल्या त्यांच्या नेहमीच्या सोनाराकडे गेली. त्याने हार हातात घेतला, सवयीने कसोटीच्या दगडावर घासला आणि जिजाकडे बघत राहिला.

घरात दागिन्यांचं कपाट एकच होतं आणि त्याची किल्ली जागृतीकडे असायची. जागृती जूचंद्रच्या साध्या घरातली. तिच्या भावाने नुकताच टेम्पो घेतला होता. हार तिनेच बदलला, हे कुणाच्या तोंडून आधी निघालं ते सांगता येत नाही, पण ऋतिकाही बोलली होती, "माझा हार आईने मला खरा दिला होता. किल्ली फक्त जाऊबाईंकडे असते." त्यानंतर विकीने सगळ्यांसमोर बायकोचं कपड्यांचं कपाट उपसलं. तिच्या वडिलांना जूचंद्रहून बोलावून घेतलं. त्या म्हाताऱ्याने भोईरांच्या देवघरात देवावर हात ठेवून शपथ घेतली, माझ्या घरात तुमचं गुंजभर सोनं नाही. रामनाथ म्हणाले, शपथेने हार परत येत नाही. म्हातारा लेकीला घेऊन निघून गेला.

"आणि काकूंना हे ठाऊक आहे?" परेशने विचारलं.

"ऋतिकाचाच फोन आला होता. आई, तू खात्रीने खराच दिला होतास ना, असं विचारत होती." काकांनी जिन्याचा कठडा धरला. "ही हो म्हणाली."

परेशला पेढीवरचा एक दिवस आठवला. संध्याकाळच्या वजनात सोनं कमी भरलं होतं आणि सगळ्या कारागिरांना ओळीने उभं करून झडती घेतली होती. वडिलांनी सदऱ्याचे खिसे स्वतःच उलटे केले होते. सोनं भट्टीच्या राखेत सापडलं, पण वडील त्या रात्री जेवले नाहीत. नंतर कित्येक महिने ते पेढीवर मान वर करून बोलले नाहीत.

तो तसाच काकूंच्या घरात गेला. त्या गॅसजवळ उभ्या होत्या.

"काकू, त्या बाईवर आळ आलाय."

"कळलंय मला." त्या वळल्या नाहीत. "थोड्या दिवसांनी निवळेल सगळं. त्यांना काय कमी आहे? दुसरा करतील."

"हाराचं नाही म्हणत मी. ती बाई माहेरी गेलीय."

"मग काय करू? माझ्या मुलीने त्या घरात तोंड कसं दाखवायचं? पितळ घालून आली म्हणतील तिला." आता त्या वळल्या. डोळे सुजले होते. "तुझ्या पाया पडते परेश, तू गप्प राहा. तुला आणि मलाच ठाऊक आहे हे."

"काकांनाही आहे," परेश म्हणाला. "आणि त्यांनीच मला सांगितलं."

घरी विनिताने सगळं ऐकून घेतलं. तिचं मत वेगळंच होतं. "सांगायचं ते काकूंनी. तुम्ही मध्ये का पडता? उद्या भोईर म्हणतील, हाच फसवणारा. गाळ्याच्या मालकाला कळलं तर? शिवाय आपल्याला रोज याच मजल्यावर राहायचंय."

"हार मी केलाय, विनिता."

"केलात, सांगितलं म्हणून केलात."

तो आणखी काही दिवस थांबला. काकू आपणहून जातील अशी त्याला आशा होती. रोज कामावरून आला की त्यांच्या दाराकडे बघायचा. त्या त्याला पाहून दार लोटून घ्यायच्या. शेवटी रविवारी सकाळी त्याने ठसा पिशवीत टाकला आणि उमेळ्याला गेला.

भोईरांच्या ओटीवर रामनाथ पेपर वाचत बसले होते. परेशने स्वतःची ओळख सांगितली आणि म्हणाला, "तुमच्या धाकट्या सूनबाईंचा हार कुणी बदलला नाही. तो पहिल्यापासून पितळेचाच होता. मी घडवला."

रामनाथना आधी समजलंच नाही. त्यांनी सगळ्यांना हाक मारली. जिजा आली, विकी आला, सिद्धेश आणि ऋतिका आतून आले. परेशने तेच पुन्हा सांगितलं. ऋतिकाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला शब्द पुढे ढकलावे लागले.

"परेशदादा, काहीतरी काय बोलताय?" ती म्हणाली. "आईच्या लग्नातला हार आहे तो."

"तो काकांच्या ऑपरेशनला गेला गं. हा फोटोवरून केलेला."

विकी पुढे झाला. "कोनी पाठवला तुला? जागृतीच्या भावानं?"

परेशने पिशवीतून ठसा काढून पायरीवर ठेवला. "हार आणा," तो म्हणाला. जिजाने हार आणून दिला. परेशने त्यातली एक चकती ठशाच्या खळग्यात बसवली. ती कडेला कड लावून बसली. दुसरी बसवली, तीही बसली. 

जिजा खाली पायरीवरच बसली. "आमी मागितला होता का?" ती परेशला विचारत होती, जणू तोच मुलीचा बाप होता. "सांग ना. आमी एक मनी तरी मागितला होता का? पोर आवडली म्हनून आनली."

"नव्हता मागितला, मावशी."

"मग ह्या सोंगापायी माझी सून घराबाहेर काढली आमी."

रामनाथ उठून उभे राहिले होते. "काढली मी," ते म्हणाले. "तिच्या बापाला देवासमोर मीच उभा केला." विकीला त्यांनी गाडी काढायला सांगितली. विकी मात्र जागचा हलत नव्हता. बायकोचं कपाट ज्या हातांनी उपसलं ते हात त्याने पाठीमागे घेतले होते.

ऋतिका त्याच दिवशी मनवेलपाड्याला आली. तिचा आवाज चढला नाही, पण भिंती पातळ असल्याने परेशला सगळं ऐकू आलं. "हार विकलास त्याचं मला काही नाही, आई. बाबांसाठी मीसुद्धा विकला असता. पितळेचा दिलास, त्याचंही नाही. पण मी फोन केला तेव्हा तुला ठाऊक होतं. तिकडे एक बाई रडत होती, माझ्या सांगण्यावरून, आणि तू मला हो म्हणालीस." पाणीसुद्धा न पिता ती गेली. जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, बस.

जागृती लगेच आली नाही. रामनाथ आणि विकी गेले तेव्हा ती बाहेरच आली नाही. तिचा एकच निरोप होता. आळ घेतला तेव्हा जेवढी माणसं समोर होती तेवढी सगळी येऊ देत. जिजा, सिद्धेश आणि ऋतिका सगळे गेले, शेजारच्या दोन घरांतलेही गेले. मग ती परत आली. पण त्या दिवसापासून तिने स्वयंपाक वेगळा मांडला. किल्ली जिजाच्या हातात दिली, ती पुन्हा घेतली नाही. ऋतिकाने तिची माफी मागितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एकदा येऊन मला विचारायचंस. मी तुझी जाऊ होते ना?"

काही दिवसांनी जिजाने परेशला बोलावून घेतलं. तिने फडक्यात बांधलेल्या जुन्या बांगड्या आणि एक साखळी पुढे ठेवली. सगळं खरं सोनं होतं. "हे आटव आनि जागृतीला हार बनव," ती म्हणाली. "तुझा हात चांगला हाय. आता खऱ्यात बनव."

परेशने बांगडी उचलली. तिचं ते ओळखीचं वजन तळहातावर आलं तेव्हा त्याला क्षणभर बाकी सगळं विसरायला झालं. घरी वडिलांचा पाट होता, मूस होती. त्याने मनात आकारही पाहिला. मग समोर दारात उभ्या असलेल्या जागृतीकडे त्याचं लक्ष गेलं.

"तुम्हाला हवाय का, ताई?" त्याने विचारलं.

"मला तो हार डोळ्यांसमोर नको," ती म्हणाली. "सोन्याचा नको, पितळेचा नको."

परेशने बांगडी फडक्यात ठेवली आणि गाठ बांधून जिजाकडे सरकवली. जिजाने आग्रह केला नाही.

गाळ्यातलं काम चालूच राहिलं. कुणी खासगी काम आणलं की आता परेश नाही म्हणायचा. मालक कुरकुरला, कारण अशा कामात त्यालाही हिस्सा मिळाला असता. विनिता काही दिवस घुश्शात होती. इमारतीत कुणी परेशला शाबासकी दिली, तर कुणी म्हटलं, शेजारणीचं घर फोडलं. सरोजिनीकाकू जिन्यात समोर आल्या की भिंतीकडे तोंड करून उतरायच्या. ऋतिका बाबांना फोन करायची. काका फोन काकूंपुढे करायचे तेव्हा पलीकडून तो बंद व्हायचा.

श्रावणात एका सकाळी दार वाजलं. बाहेर काकू उभ्या होत्या. साधी साडी, गळ्यात काळी पोत, हातात काहीच नाही.

"उमेळ्याला येतोस माझ्याबरोबर?" त्या म्हणाल्या. "एकटीने पाय उचलत नाही."

दोघं रिक्षाने निघाले. भोईरांच्या घरी ऋतिका ओटीवरच होती. आईला पाहून ती उठली, पण पुढे आली नाही. काकूंनीही तिच्याकडे बघायचं टाळलं. त्या सरळ घराच्या मागच्या बाजूला, जागृतीच्या वेगळ्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. जागृती तांदूळ निवडत होती.

"मी ऋतिकाची आई," काकू म्हणाल्या. "लग्नात बघितलंयस तू मला."

जागृतीने मान हलवली.

"मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. पुष्कळ कारणं सांगता येतील, पण ती तुला कशाला सांगू?" त्या उंबऱ्याशी खाली बसल्या. "तुझ्यावर आळ आला तो माझा होता."

जागृती उठली. तिने आतून पाणी आणून काकूंना दिलं, परेशलाही दिलं. काकूंनी पेला घेतला. त्यांचं पिऊन होईपर्यंत जागृती थांबली.

"माझं सोडा," ती म्हणाली. "मी या घरात परत आले, राहतेय. पण माझ्या बाबांनी इथे देवावर हात ठेवला आणि त्यांचं कुणी ऐकलं नाही. ते तेव्हापासून घराबाहेर पडत नाहीत. हे तुम्ही त्यांना सांगा."

"त्यांना?" काकूंनी परेशकडे पाहिलं. एवढी तयारी त्या करून आल्या नव्हत्या.

"जूचंद्र लांब नाही," जागृती म्हणाली.

ओटीवरून ऋतिका हे ऐकत होती. ती आत गेली आणि चपला घालून बाहेर आली. आईशी ती बोलली नाही, पण फाटकाबाहेर जाऊन तिने रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली. काकू हळूहळू चालत गेल्या आणि आत सरकून बसल्या. ऋतिका त्यांच्या शेजारी बसली, दोघींमध्ये जागा ठेवून. परेशने पुढचं पाऊल टाकलं तेव्हा ऋतिका म्हणाली, "परेशदादा, तुम्हीही चला. हार तुम्ही केला होता."

तो त्या मधल्या जागेत बसला आणि रिक्षा जूचंद्रच्या रस्त्याला लागली.